हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्याही घरी जाऊ दे

वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

डिसेंबरच्या अंकात मनोधैर्य योजनेबद्दल, म्हणजे लैंगिक अत्याचार झालेल्या बायकांसाठीच्या सरकारी मदतीबद्दल, एका भगिनीला चार ओळींचं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून त्याच विषयावरची पत्रं येत राहिली आहेत. त्यातली बहुतेक पत्रं ज्यांच्यावर अत्याचार झाला त्यांची नाहीत. शेजारणींची आहेत, बहिणींची, शिक्षकांची, एका नवऱ्याचंही आहे. जवळ उभं राहायची इच्छा आहे, पण कसं ते कळत नाही, अशी ही माणसं. हा महिना त्यांच्यासाठी.

पत्रांतली नाती, वयं, पिकं, दिवस मी बदलले आहेत. गावांची नावं काढून टाकली आहेत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार अशा बाईची ओळख छापणाऱ्याला किंवा पसरवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अमक्याच्या सुनेला न्याय मिळालाच पाहिजे’ असं कळवळून लिहिणाराही त्यात सापडतो. आणखी एक, मी ‘पीडिता’ हा शब्द वापरत नाही. सरकारी कागदावर असतो, तिथे असू दे. ज्या बाईला उद्या सकाळी उठून पोरांचे डबे करायचे आहेत, तिला मी बाईच म्हणते.

ताई, नमस्कार. आमच्या बचत गटात आम्ही अकराजणी आहोत. त्यातल्या एकीवर मागच्या श्रावणात गावातल्याच माणसानं उसाच्या फडाजवळ बळजबरी केली. केस झाली. तो आता जामिनावर सुटलाय आणि रोज पारावर येऊन बसतो. ती मात्र घराबाहेर पडत नाही. गटाच्या मीटिंगला येत नाही, हप्ता पोराच्या हाती पाठवते. संक्रांतीला तिला हळदीकुंकवाला कुणीच बोलावलं नाही. मीही नाही. गटातल्या दोघी म्हणतात, जुनं उकरून काढू नये. एकीनं तर ‘ओरडली का नाही?’ असंही विचारलं. आता दोन-चार मोठी माणसं मिटवून घ्या म्हणून तिच्या सासऱ्याकडे येऊन गेली. आम्हाला काहीतरी करायचंय, पण तिच्यासमोर जाऊन बोलायचं काय? – गटाची सचिव

सचिवबाई, ‘मीही नाही’ हे दोन शब्द तुम्ही गाळू शकला असता. गाळले नाहीत, म्हणून तुमच्यापासूनच सुरुवात करता येईल.

मी २६ वर्षं एका जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवा विभागात होते. बायका तपासणीला यायच्या, पुन्हा औषधाला यायच्या, त्यातल्या काही पुढे नुसत्या बोलायला यायच्या. कोर्टात काय झालं हे त्या क्वचित सांगत. सांगत ते असं: नळावर मी गेले की बायका गप्प होतात. दळण टाकायला गेले तर गिरणीवाला वर बघत नाही. नणंदेच्या पोरीचं लग्न झालं, मला मांडवात आतल्या खोलीत बसवलं. एका बाईनं मला सांगितलं होतं की तिच्याकडे पूर्वी रोज कुणी ना कुणी विरजण मागायला यायचं, ते बंद झालं. ती अजून रोज एका वाटीचं विरजण जास्त लावते. ही गोष्ट मी पंधरा वर्षं विसरू शकलेले नाही.

तेव्हा तुम्ही तिच्याकडे जा आणि काम घेऊन जा. गटाचं रजिस्टर घेऊन जा, त्यात तिची सही राहिलीच असेल. शेंगा फोडायच्या असतील, पापडाचं पीठ मळायचं असेल, तर ते घेऊन जा. हाताला काम असलं की नजरेला नजर द्यायची सक्ती राहत नाही. बोलायचं असेल तर ती बोलेल. नाही बोलली तरी तास-दोन तास बसून या, आणि पुढच्या आठवड्यात परत जा. एकदाच गेलात तर ते सांत्वनाला गेल्यासारखं होतं.

म्हणायचं काय? दोन वाक्यं पुरेत. ‘झालं ते तुझ्यामुळे झालं नाही’ आणि ‘संक्रांतीला मी बोलावलं नाही, चुकलं माझं.’ दुसरं म्हणायला जड जाईल, पण ते म्हणाच. किती वाजता, एकटी का गेलीस, आधी ओळख होती का, हे विचारू नका. हे सगळं तिनं पोलिसांना सांगितलंय, डॉक्टरला सांगितलंय, न्यायदंडाधिकाऱ्यापुढच्या जबाबात सांगितलंय, आणि खटला उभा राहील तेव्हा उलटतपासणीत पुन्हा सांगायचंय. तुमच्या घरच्या ओसरीवर तरी तिला ते परत सांगावं लागू नये.

‘ओरडली का नाही’ असं विचारणाऱ्या बाईला माझा निरोप सांगा. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोघांना शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली; तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिनं प्रतिकार केल्याचं दिसत नाही, अशी कारणं त्यात होती. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० साली देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. तो खटला ज्या मुलीच्या नावानं ओळखला जातो ते नाव पुस्तकांत सापडतं, मी इथे घेत नाही. २०१३ च्या दुरुस्तीनं तर कायद्यात स्पष्टच लिहिलं की बाईनं अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येणार नाही. आताच्या संहितेतही तसंच आहे. भीतीनं वाचा बसते, हातपाय लाकडासारखे होतात. साप समोर आला की आपण उभ्या जागी थिजतो ना? त्याला कुणी सापाला संमती दिली असं म्हणत नाही.

आता ‘मिटवून घ्या’ म्हणणाऱ्यांबद्दल. बलात्काराचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. पंचांना नाही, तंटामुक्ती समितीला नाही, सासऱ्याला नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये सांगितलंय की अशा गुन्ह्यात झालेली तडजोड शिक्षा कमी करायचं कारण होऊ शकत नाही. ‘गावाची अब्रू’ हा शब्द मी माझ्या नोकरीत इतक्यांदा ऐकला आहे की आता तो ऐकला की माझी तिडीक उठते. अब्रू गेली असेल तर त्या माणसाची गेली. तिच्या सासऱ्याला एकट्याला या माणसांपुढे बसू देऊ नका. पुढच्या वेळी ती मंडळी येतील तेव्हा तुम्ही अकरापैकी चार-पाचजणी ओसरीवर बसलेल्या असा. भांडायला नको, नुसत्या बसा. कुणी धमकावलं तर तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. त्या आधारावर पोलिसांत तक्रार होते आणि सरकारी वकिलामार्फत जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो.

आणि तारखा. लोकांना वाटतं आधार म्हणजे मोर्चा. मोर्चा एक दिवसाचा, तारखा वर्षानुवर्षं. तारखेच्या दिवशी पहाटेची एसटी धरायची तर तिच्या म्हशीची धार कोण काढणार? पोरं शाळेतून आल्यावर कुणाकडे जेवणार? त्या दिवसाचा रोजगार बुडतो तो कसा भरून काढायचा? इथे तुमचा गट कामाला येईल. पाळी लावून घ्या. एकजण तिच्याबरोबर तालुक्याला, एकजण गोठ्यात, एकीकडे पोरं. अशा साक्षी बंद दाराआड होतात, त्यामुळे न्यायाधीशांनी परवानगी दिली नाही तर तुम्हाला आत बसता येणार नाही. पण बाहेरच्या बाकावर त्याचे नातेवाईक बसलेले असतात, तिच्या शेजारी तुम्ही बसा. डब्यात जास्तीची भाकरी घ्या, कारण नाव पुकारायला संध्याकाळचे चार वाजू शकतात आणि कधी कधी पुढची तारीख पडते. त्या पुढच्या तारखेलाही जा.

पैशासाठी मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं, आणि अर्जासाठी वकील लावायची गरज नाही. तो अर्ज झालाय का हे तिच्या घरी विचारा. मात्र कागद भरायच्या आधी तिला विचारा.

ते ‘आधी तिला विचारा’ तुमच्या प्रत्येक बेताला लागू आहे. मीटिंग तिच्या ओसरीवर घ्यायची का, तारखेला कोण बरोबर यावी, सगळं तिला विचारून. ती नको म्हणाली तर राग मानू नका. त्या दिवशी तिला कुणी विचारलं नव्हतं.

माझी धाकटी बहीण २२ वर्षांची, शिकायला शहरात खोली घेऊन राहते. तिच्याच वर्गातल्या मुलानं चार महिन्यांपूर्वी तिच्यावर जबरदस्ती केली. तिनं मला आत्ता सांगितलं, तेही रात्री दोन वाजता फोनवर. पोलिसात जायचं नाही म्हणते. आई-बाबांना सांगशील तर पुन्हा बोलणार नाही म्हणते. मला झोप लागत नाही. मी सांगून टाकू का? – मोठी बहीण

नको.

तुला एक माझी गोष्ट सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक कॉलेजातली मुलगी आमच्या विभागात आली होती. वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते, त्यांना वाटत होतं पोटात दुखतंय. तिनं मला सगळं सांगितलं. वडील साधे दिसत होते, हातात तिची पाण्याची बाटली धरून बसलेले. मला वाटलं, त्यांना कळायला हवं, ते सांभाळतील. मी तिला न विचारता त्यांना आत बोलावलं आणि सांगितलं. त्यांनी तिला रागावलंसुद्धा नाही. पण तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही, आणि पुढच्या तपासणीला आली नाही. केसपेपरवरच्या पत्त्यावर मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. माझा हेतू चांगला होता, आणि मी तिच्याकडे शिल्लक राहिलेली एकच गोष्ट, कुणाला सांगायचं ते ठरवायची मुभा, काढून घेतली होती.

तुझ्या बहिणीनं चार महिन्यांत एकच माणूस निवडलं, ते तू आहेस. ती सज्ञान आहे. तिच्या निर्णयापुढे तुझी झोप दुय्यम आहे. मात्र तुला स्वतःला बोलायला कुणीतरी हवं, नाहीतर तू एक दिवस फुटशील. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथे बोल, आपलं-तिचं नाव न सांगता. बहिणीलाही तो क्रमांक दे. तिच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली, तर मात्र एकटीनं ते पोटात ठेवू नकोस. ‘तुझ्या जिवासाठी मी कुणाची तरी मदत घेणार आहे’ असं तिला तोंडावर सांग आणि घे.

तक्रार नको म्हणते, ठीक. एवढंच तिला सांग की या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही. उद्या, पुढच्या वर्षी, पाच वर्षांनी तिला वाटलं तर ती जाऊ शकते, आणि कुठल्याही ठाण्यात जाऊ शकते. गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी शून्य क्रमांकानं नोंदवून घ्यावा लागतो. त्या मुलाचे मेसेज असतील तर पुसू नकोस म्हणावं, वाचायचे नसतील तर तुझ्याकडे पाठवून ठेवावेत. पाळी चुकली असेल तर आजच तपासणी करून घ्या. अशा प्रसंगातून राहिलेला गर्भ कायद्यानं २४ आठवड्यांपर्यंत काढता येतो, आणि ती सज्ञान असल्यामुळे सही फक्त तिची लागते.

तुमच्या बाबतीत वेळ निघून गेलेली, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे उद्या अशीच एखादी येईल म्हणून लिहिते. पहिले तीन दिवस फार मोलाचे. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी जितकी लवकर तितकी बरी, ७२ तासांत घ्यावी, पाच दिवसांपर्यंतही उपयोग होऊ शकतो. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, ती २८ दिवस घ्यायची असतात. कोणतंही रुग्णालय, सरकारी असो की खासगी, तातडीचे उपचार नाकारू शकत नाही आणि त्याचे पैसे घेऊ शकत नाही. ‘आधी पोलिसांचं पत्र आणा’ म्हणाले तर ते चूक आहे. रुग्णालयाला पोलिसांना कळवावं लागतं हे खरं, पण तपासणीला, जबाबाला नाही म्हणायचा तिचा हक्क राहतो. डॉक्टर तो नकार लिहून घेतात आणि उपचार चालू ठेवतात. तक्रार करायची असो-नसो, अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको. आंघोळ झाली असेल तरी जा. आणि बाईला संबंधांची सवय आहे का हे योनीत बोटं घालून पाहायची ती दोन बोटांची चाचणी कुणी करू लागलं तर थांबवा. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या न्यायवैद्यक विभागानं या चाचणीविरुद्ध आवाज उठवला, २०१४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल असं सांगितलं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. सातवीतल्या एका मुलीनं घरातल्या नातेवाइकाबद्दल मला सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून हात धरला. मुख्याध्यापक म्हणतात, घरगुती बाब आहे, शाळेचं नाव निघेल. तिचा विश्वास मोडू की नको? – एक गुरुजी

गुरुजी, मागच्या उत्तरात मी मोठ्या बहिणीला गप्प राहायला सांगितलं, तुम्हाला सांगणार नाही. मूल १८ वर्षांखालचं आहे. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ नुसार माहिती असणाऱ्या प्रत्येकानं पोलिसांना कळवायलाच हवं, न कळवणं हा गुन्हा आहे. मुख्याध्यापकांची परवानगी लागत नाही. आणि तो नातेवाईक त्याच घरात आहे, ती आज संध्याकाळी तिथेच परत जाणार आहे. हे पत्र मी छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला फोन केला होता, तुम्ही त्याच दिवशी मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर बोललात, हे मला ठाऊक आहे. इतरांसाठी थोडं लिहिते.

तिला खोटं वचन देऊ नका. ‘कुणालाच सांगणार नाही’ याऐवजी ‘तुला जपू शकतील अशा माणसांनाच सांगेन, आणि कुणाला सांगितलं ते तुला सांगेन’ असं म्हणा. खोदून विचारू नका. ती जे शब्द वापरेल तेच लिहून ठेवा, तुमच्या पुस्तकी मराठीत फिरवू नका. तिचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी होतो, शक्यतो महिला अधिकारी घेते आणि गणवेशात नसते. तिला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. बालकल्याण समिती तिला सोबतीला आधार-व्यक्ती देऊ शकते, ती मागून घ्या. वर्गात मात्र तिला पूर्वीसारखंच वागवा. गृहपाठ केला नसेल तर विचारा. एकदम सगळं माफ व्हायला लागलं की बाकी मुलांना कळतं, आणि तिलाही कळतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली. मागच्या महिन्यात बायकोनं सांगितलं की ती सोळा वर्षांची असताना आजोळी शेजारच्या माणसानं तिच्याशी वाईट केलं होतं. मी तिच्यावर चिडलो नाही. त्या माणसावर चिडलो, ताट भिरकावलं. तेव्हापासून ती गप्प आहे. मला आता तिला हात लावायची भीती वाटते. ती लग्नापासून रात्री दिवा लावून झोपते. मी रोज उठून बंद करायचो, बिल येतं म्हणून. आता कळलं. मी काय करू? – एक नवरा

दादा, ताट त्या माणसासाठी होतं, पण ते तिच्या समोर पडलं. घरात पुरुषाचा आवाज चढला, वस्तू आपटली, की तिच्या अंगाला फक्त तेवढंच कळतं, कुणासाठी ते कळत नाही. तेव्हा आधी त्याबद्दल बोला. ‘राग तुझ्यावर नव्हता, पण तू घाबरलीस, ते माझ्यामुळे.’ त्या माणसाला शोधायला आजोळी जाऊ नका. तिनं सोळा वर्षांची असताना ज्या गावापासून ते लपवलं, तिथे तुम्ही एका दुपारी ते सगळ्यांना सांगून याल. पुढे काही करायचं असेल तर ती सांगेल. कदाचित कधीच सांगणार नाही.

हात लावायची भीती वाटते, हे तिलाच सांगा. तुम्ही दूर राहिलात की तिला वाटत असणार, सांगितलं म्हणून याला माझी किळस आली. बहुतेकजणींना याच गोष्टीची धास्ती असते आणि म्हणूनच नऊ-नऊ वर्षं जातात. विचारून जवळ जा. ‘बसू का इथे?’ एवढंसुद्धा विचारणं चालतं. ती नाही म्हणाली तर तोंड न पाडता उठा, तसं पुन्हा पुन्हा झालं की मग कधीतरी तिचं ‘हो’ खरं असेल. नऊ वर्षांत तुम्हाला ‘डोकं दुखतंय’ म्हणून जे सांगितलं गेलं त्याचा हिशेब आता मांडू नका.

मानसोपचार घ्यायचा तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो, तिथे दोघं मिळून गेलात तरी चालेल. आधी तिला विचारा.

आणि आज रात्री ती खोलीत यायच्या आधी दिवा तुम्ही लावून ठेवा.